गाठ लागेनाशी झाली, तरी डोस बाकी आहे

केमोथेरपीचे औषध शरीरात नेमके काय करते, आणि ते अर्ध्यावर का सोडू नये?



आमच्या इंदिरानगरात रविवारची वंदना झाली की बायका विहारात थोडा वेळ टेकतात. कुणाच्या मुलाचा दाखला अडलेला असतो, कुणाला रेशनकार्डावर नाव चढवायचे असते. मी कचेरीत कारकुनी करते, म्हणून कागदांची कामे माझ्याकडे येतात. गेल्या पौर्णिमेला एक भगिनी सगळ्या उठून जाईपर्यंत थांबली. डोक्यावरचा रुमाल सारखा करत हळूच म्हणाली, "ताई, केमो म्हणजे विषच ना हो? आठातले चार झाले. गाठ आता हाताला लागतच नाही. मग बाकीचे चार कशाला घ्यायचे?"

मी एकदम उत्तर देऊ शकले नाही. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका भगिनीने विचारला होता. तिलाही स्तनाचा कर्करोग होता. चार डोसांनंतर गाठ विरघळल्यासारखी झाली. केस गेले होते, तोंडाला चव नव्हती, नवऱ्याचे खाडे होत होते. एका नातेवाइकाने पुड्या देणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. बाकीचे चार डोस आणि शस्त्रक्रिया तिने सोडून दिली. मी तिच्या घरी गेले होते. ती हसून म्हणाली, "आता बरं वाटतंय." मी म्हणाले, "बरं वाटतंय ना, मग झालं." चहा पिऊन मी परत आले. सात-आठ महिन्यांनी रोग उलटला, तो फुप्फुसात. पुढच्या भीमजयंतीला ती आपल्यात नव्हती.

उपचार पुरा केला असता तर ती वाचलीच असती, असे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण संधी होती, ती गेली. आणि माझ्या त्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेली बाई आहे. पण हा विषय मोठ्या प्रमाणात हिशेबाचा आहे, हे मला उशिरा कळले. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडते.

एकाचे दोन, दोनाचे चार

आपले शरीर तीस-पस्तीस लाख कोटी पेशींचे बनले आहे. पेशी म्हणजे शरीराची वीट, पण जिवंत वीट. जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. नवी पेशी येते ती एका पेशीचे दोन भाग होऊन. पेशीच्या आत एक मूळ फाईल असते, तिला डी.एन.ए. म्हणतात. पेशीने कसे वागायचे, कधी वाढायचे आणि कधी थांबायचे हे सगळे त्या फाईलमध्ये असते. पेशी दुभंगण्याआधी या फाईलची हुबेहूब नक्कल तयार होते. मग दोन्ही पेशींना त्या फाईलची एकेक प्रत मिळते.

तंबाखूमुळे, काही विषाणूंमुळे, वय वाढल्यामुळे, कधी आईवडिलांकडून आलेल्या दोषामुळे, तर कधी काहीच कारण न सापडता, या फाईलमध्ये चुका साठत जातात. 'थांब' असे लिहिलेली ओळच पुसली जाते. अशी पेशी नियम मानत नाही, ती वाढतच राहते. हाच कर्करोग.

आता वाढीचा हिशेब बघा. सावकाराचे चक्रवाढ व्याज आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसले आहे. कर्करोग तसाच वाढतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा वेळा दुप्पट झाली की एका पेशीच्या हजार पेशी होतात. वीस वेळा झाली की दहा लाख. तोवर काहीच दिसत नाही आणि दुखतही नाही. तीस वेळा दुप्पट झाली की शंभर कोटींवर जातात. या शंभर कोटी पेशींची गाठ केवढी असते? साधारण एक सेंटिमीटर. आपल्या बोटाला गाठ लागते तेव्हा आत शंभर कोटींचा कारभार उभा असतो. म्हणून गाठ दुखत नसली तरी लगेच दाखवायची असते.

औषध काय करते?

शस्त्रक्रिया गाठ कापून काढते. किरणोपचार नेमलेल्या जागी मारा करतो. पण गाठीतून सुटून रक्तावाटे दुसरीकडे गेलेल्या पेशींना गाठायचे तर रक्तातूनच जायला हवे. ते काम केमोथेरपी करते. शिरेतून किंवा गोळीतून दिलेले औषध बहुतेक सगळ्या शरीरात फिरते आणि दुभंगण्याच्या तयारीत असलेल्या पेशीला पकडते. वेगवेगळी औषधे तिला वेगवेगळ्या जागी पकडतात.

पहिल्या प्रकारची औषधे फाईलची पानेच एकमेकांना चिकटवून टाकतात. सायक्लोफॉस्फमाइड आणि सिस्प्लॅटिन ही त्यातली. पाने उघडत नाहीत, त्यामुळे नक्कल होत नाही आणि पेशी मरते. सिस्प्लॅटिनमध्ये प्लॅटिनम हा धातू असतो. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जंतूंच्या पाण्यात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवून वीज सोडत होते. जंतू लांब लांब वाढले, पण दुभंगेनात. वीज नव्हे, तर पट्टीतून सुटलेले प्लॅटिनमचे संयुग त्याला कारण होते. त्यातून हे औषध आले.

दुसऱ्या प्रकारची औषधे खोट्या नोटेसारखी असतात. पेशीला नक्कल करायला कच्चा माल लागतो. मिथोट्रेक्सेट, फाइव्ह-एफ.यू., मर्कॅप्टोप्युरिन ही औषधे त्या मालासारखीच दिसतात. पेशी फसून ती उचलते आणि तिचे काम बंद पडते. मर्कॅप्टोप्युरिन शोधण्यात गर्ट्रूड एलियन या बाईंचा मोठा वाटा होता. बाई म्हणून त्यांना आधी प्रयोगशाळेत नोकऱ्या नाकारल्या गेल्या. पुढे १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसऱ्या प्रकारचे औषध आपल्या दारात फुलते. सदाफुली! पेशी दुभंगताना आत बारीक धागे ताणले जातात आणि ते धागे नकला दोन बाजूंना ओढून नेतात. आपल्या येवल्याच्या मागावर ताणा लावतात ना, तसे समजा. सदाफुलीतून काढलेले व्हिनक्रिस्टीन हे धागे तयारच होऊ देत नाही. पॅक्लिटॅक्सेल हे दुसऱ्या एका झाडापासून मिळालेले औषध उलट करते. ते धागे असे आवळून ठेवते की माग हलतच नाही. दोन्हीकडून काम बंद.

चौथा प्रकार आपल्या सह्याद्रीशी नाते सांगतो. डी.एन.ए.ची दोरी पिळाची असते. नक्कल करताना पिळ सोडावा लागतो, नाहीतर गुंता होतो. तो सोडवणाऱ्या यंत्रणेला अडवणारी इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधे कॅम्प्टोथेसिन नावाच्या द्रव्यापासून बनतात. हे द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडले आणि पुढे आपल्या पश्चिम घाटातल्या नरक्या या दुर्गंधी झाडातही मिळाले. या कमाईपायी कोकण-कोल्हापूरकडच्या जंगलांतून नरक्याची चोरटी तोड झाली.

आणखी एक औषध सगळ्या रुग्णांच्या लक्षात राहते, ते लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन. ते मातीतल्या जंतूंपासून मिळाले. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसते, औषधाचा रंग असतो. घाबरू नये.

डॉक्टर दोन-तीन औषधे एकत्र का देतात, हे आता ध्यानात येईल. चोर एका दारातून निसटला तर दुसऱ्या दारावर पकडायला माणूस उभा हवा.

सदाफुली चावून खाऊ नका

सदाफुलीचे नाव घेतले म्हणून हे आधी सांगते. गावाकडे मधुमेहावर सदाफुलीची पाने चावायची पद्धत आहे. जमैका बेटावरही तशीच समजूत होती. तिथली पाने १९५० च्या दशकात कॅनडातील शास्त्रज्ञांकडे तपासायला गेली. पाहतात तर साखर उतरेना, पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. मग पांढऱ्या पेशी बेसुमार वाढवणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावर ते चालेल का, हा विचार झाला आणि औषध हाती आले.

पण शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून ग्रॅमभर व्हिनक्रिस्टीन मिळते, आणि मोठ्या माणसाला एका वेळी ते सहसा दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. ते शिरेतूनच देतात. इतके मोजून द्यायचे औषध पाने चावून मिळत नाही. मिळाला तर अपायच मिळेल. समजूत तपासून पाहिली म्हणून औषध झाले. न तपासता धरून ठेवली असती तर समजूतच राहिली असती. कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. कुणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या.

केस का जातात?

औषधाला कर्करोगाची पेशी आणि चांगली पेशी यांतला फरक पुरता कळत नाही. त्याला कळते ते एवढेच, की कोण भराभर दुभंगत आहे. आपल्या शरीरात काही चांगल्या पेशीही भराभर दुभंगतात. केसांच्या मुळातल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या, आणि हाडातल्या मगजात रक्त तयार करणाऱ्या. म्हणून केस गळतात, तोंड येते, जुलाब होतात, रक्त कमी होते. उलटीचे कारण थोडे वेगळे आहे. औषधाने मेंदूतले उलटीचे केंद्र चाळवते. त्यावर आता चांगल्या गोळ्या आणि इंजेक्शने आहेत.

मग विष आणि औषध यांत फरक काय? फरक मात्रेचा आणि मुदतीचा. चांगल्या पेशी सावरतात, कारण त्यांची मूळ व्यवस्था शाबूत असते. मगजाला सावरायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणूनच बऱ्याच उपचारांत दोन डोसांमध्ये एकवीस दिवस ठेवतात. कर्करोगाच्या पेशींना तेवढ्यात पुरते सावरता येत नाही. पण हेच अंतर आपण आपल्या मनाने वाढवले, लग्न आहे, जत्रा आहे, पैसे नाहीत म्हणून दोन महिन्यांनी गेलो, तर त्यांनाही सावरायला वेळ मिळतो. केस मात्र परत येतात. बहुतेकांचे उपचार संपल्यावर काही महिन्यांत येतात.

शंभर कोटींचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. १९६० च्या दशकात हॉवर्ड स्किपर या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर प्रयोग केले. त्यांना दिसले की औषधाचा एक डोस ठरावीक संख्येने पेशी मारत नाही, ठरावीक प्रमाणात मारतो. म्हणजे शेकडा हिशेब.

समजा, एका डोसाने शंभरातल्या नव्व्याण्णव पेशी मरतात. हा आकडा समजण्यापुरता घेतला आहे, प्रत्येक रोगात आणि माणसात तो वेगळा असतो.

सुरुवातीला शंभर कोटी पेशी.
पहिल्या डोसानंतर एक कोटी.
दुसऱ्यानंतर एक लाख.
तिसऱ्यानंतर एक हजार.
चौथ्यानंतर दहा.

पहिल्याच डोसात नव्व्याण्णव कोटी पेशी गेल्या. गाठ विरघळली. लाखभर पेशी उरतात तेव्हा बोटाला काही लागत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही, माणसाला बरे वाटते. पण खात्यावर शिल्लक लाखाची आहे, आणि ती चक्रवाढीने वाढणारी आहे. शिवाय प्रत्यक्षात दोन डोसांच्या मधे काही पेशी पुन्हा वाढतात, म्हणून हिशेब इतका सरळ उतरत नाही आणि डोस जास्त लागतात. जे मागे उरतात त्यांत औषधाला दाद न देणारेही असतात. अर्ध्यावर सोडले की तेच वाढतात, आणि रोग उलटतो तेव्हा जुने औषध चालेलच असे नसते.

'बरे वाटते' आणि 'बरे झाले' यांत हा एवढा फरक आहे. तो मला त्या दिवशी ठाऊक असता तर चहा पिऊन मी परत आले नसते.

इतिहासही हेच सांगतो

केमोथेरपीचा जन्म युद्धात झाला. मस्टर्ड वायू हे माणसे मारण्याचे अस्त्र होते. २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीच्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तिथल्या एका अमेरिकन जहाजात या विषाचे बाँब होते. होरपळलेल्या खलाशांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरलेल्या दिसल्या. त्याआधी १९४२ मध्येच अमेरिकेतील येल विद्यापीठात याच जातीचे औषध एका रुग्णाला गुप्तपणे दिले गेले होते. त्याच्या गाठी विरघळल्या. पण काही आठवड्यांतच परत आल्या.

मग बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिले. हे औषध लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. सोळापैकी दहा मुलांचा रोग उतरला. पण तोही परत आला.

दोन्ही वेळा औषध खरे होते, पण एकटे आणि अपुरे होते. १९६० च्या दशकात चार-चार औषधे एकत्र करून, नेमाने, दीर्घकाळ देऊ लागले तेव्हा मुले खरोखर बरी होऊ लागली. आज चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार घेतलेली रक्ताच्या कर्करोगाची बहुतेक मुले बरी होतात. पण त्यासाठी दोन-तीन वर्षे नेम पाळावा लागतो. शेवटची दीड-दोन वर्षे मूल शाळेत जाते, खेळते आणि तरी गोळ्या चालू असतात. हिशेब शेवटच्या पेशीपर्यंतचा असतो म्हणून.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. घरात पैशाला तोटा नव्हता, पण औषधच जगात नव्हते. पुढे टाटांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले. जे औषध त्या श्रीमंत घराला मिळाले नाही, ते आज हमालाच्या मुलाला मिळू शकते. ते अर्ध्यावर सोडणे म्हणजे काय, याचा विचार करा.

सगळ्यांना सारखे उत्तर नाही

खोटी आशा दाखवणे हेही पाप आहे. केमोने सगळे कर्करोग बरे होत नाहीत. काहींत ती एकटीच रोग बरा करते. काहींत शस्त्रक्रियेआधी गाठ लहान करायला किंवा नंतर उरलेल्या पेशी टिपायला देतात. रोग फार पसरला असेल तर त्रास कमी व्हावा, दिवस वाढावेत म्हणून देतात. डॉक्टरांना सरळ विचारावे, "या उपचाराचा हेतू काय? किती डोस? मधे काय तपासणार?" हा आपला हक्क आहे. त्रास सोसत नसेल तर तेही सांगावे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. पण ठरवायचे ते डॉक्टरांशी बोलून, घरी बसून नव्हे.

आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार, कारण तंबाखू, मिश्री आणि गुटखा. बऱ्या न होण्याच्या अवस्थेत आलेल्या तोंड-घशाच्या कर्करोगावर टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मिथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या कमी मात्रेत देऊन पाहिल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोळ्या घेणारे रुग्ण शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त जगले आणि त्यांना त्रासही कमी झाला. साधारण साडेसात महिने विरुद्ध सहा महिने. फरक लहान वाटेल. पण गरिबाला घरी राहून, कमी खर्चात ते दिवस मिळाले, हे लहान नाही.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

१. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असो की सण, लगेच रुग्णालयात न्यावे. घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नये.

२. पाणी उकळून द्यावे, अन्न ताजे व शिजवलेले द्यावे. अंडी, डाळ, मासे, मटण जे चालत असेल ते चांगले शिजवून द्यावे. उपासतापास नको.

३. कर्करोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या आपल्या समाजाने आजारी माणसाचे ताट वेगळे काढावे, याहून मोठी शरम नाही.

४. डोसानंतर दोन दिवस रुग्णाची लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घालावेत, संडासात दोनदा पाणी टाकावे. ही काळजी औषधामुळे घ्यायची, रोगामुळे नव्हे.

५. तरुण स्त्री-पुरुषांनी मूल होण्याबद्दल उपचाराआधीच डॉक्टरांशी बोलावे. उपचार चालू असताना दिवस राहू देऊ नयेत.

६. बाहेरची पुडी, काढा, भस्म, काहीही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नये.

आणि 'मागच्या जन्मीचे पाप' हा शब्द आपल्या घरात नको. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना तपासून नाकारली आहे. रोगाला कारण असते, ते शरीरात असते, आणि पुष्कळदा त्यावर इलाजही असतो.

पैसा कुठून आणायचा?

उपचार अर्ध्यावर सुटतात ते पुष्कळदा भीतीने नव्हे, पैशाने. म्हणून हे नीट वाचा.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी येते. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. आधी ते दीड लाख होते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. नाव-वयातला फरक आधीच दुरुस्त करून ठेवा, कारण ऐनवेळी अडते ते इथेच. शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातही कर्करोगाचा विभाग आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात ई.एस.आय. कापले जाते त्यांनी सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातून पुढची चिठ्ठी घ्यावी. ही विमा योजना उपकार म्हणून मिळालेली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये तिच्या आराखड्याचे काम प्रा. अडारकरांकडे दिले गेले आणि १९४८ मध्ये कायदा झाला.

मुंबईला टाटात जावे लागले तर रेल्वेत कर्करोग्याला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून घ्यावा. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस दादरला थांबते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळला उपचार घेणारे कितीतरी गरीब रुग्ण आणि नातेवाईक तिथे राहतात. बाबांच्या खराट्याची आठवण ठेवून ती जागा स्वच्छ ठेवावी.

विष्णुदत्तेची ठेव

शेवटी आपल्या डोंगराची एक गोष्ट. इंदिरानगरातून दिसणारी त्रिरश्मी लेणी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथल्या दहाव्या लेण्याच्या आवारात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने गोवर्धन इथल्या कारागिरांच्या संघटनांकडे, त्यांत तेली होते, पाण्याची यंत्रे करणारे होते, कायमची ठेव ठेवली. मूळ रक्कम मोडायची नाही. व्याजातून त्रिरश्मीवर राहणाऱ्या भिक्षुसंघातील आजाऱ्यांना औषध द्यायचे. सतराशे वर्षांपूर्वी आपल्या नाशकातल्या एका बाईने केलेली ही औषधाची मुदत ठेव! कारकून म्हणून मला तिचा फार अभिमान वाटतो.

अतिसाराने लोळत पडलेल्या एकट्या भिक्षूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतले, उचलून निजवले. आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा, हा त्यांचा भाव होता. मग आपण विहारात नुसती फुले वाहून कसे चालेल?

आम्ही महिला मंडळात दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. घरटी महिन्याला वीस रुपये औषध ठेवीत, पावतीसह. आणि एक वही. तिच्यात प्रत्येक आजारी माणसाचे डोस किती ठरले, किती झाले, पुढची तारीख कोणती आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार, एवढेच लिहायचे. तुमच्या वस्तीत ठेव जमली नाही तरी वही नक्की ठेवा. तिला काही खर्च नाही.

रुमालवाल्या त्या भगिनीला मी हा शंभर कोटींचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे शिल्लक आहे अजून." तिचा पाचवा डोस ठरल्या तारखेला झाला. सोबत मंडळातली एक जण गेली होती. वहीत सहाव्याची तारीख लिहिली आहे. त्या दिवशी मी रजा टाकली आहे.

जय भीम!